माका दी

दांडी पुन्हा पडली. तेओचं अंग तिच्यावरून पार पलीकडे गेलं होतं, पाय, कंबर, छाती, सगळं. धक्का लागला तो त्याच्या हातातल्या बांबूचा. तो वाळूत उठून बसला, मुठीतल्या बांबूकडे बघितलं आणि मग आमच्याकडे बघून असा हसला, जणू चोरी दुसऱ्याच कुणाची पकडली गेली होती.

"सोड," मस्यू पेनो मिशांतून म्हणाले. "वर गेलास की बांबू सोडून दे. देवाने माणसाला बोटं मिटायला दिली तशी उघडायलाही दिली आहेत."

"सोडतो," तेओ म्हणाला. तो रोजच तसं म्हणायचा.

एकोणीसशे चौदा सालचा तो जून महिना, आणि जागा म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका सार्डीनच्या कारखान्यामागचं अंगण. वेंगुर्ल्याचा मोरेश्वर केणी तिथे काय करत होता, असं कुणीही विचारेल. त्याचं असं झालं की आमच्याकडच्या एका संस्थानिकांच्या मनात आलं, फ्रेंच लोक मासा डब्यात घालून वर्षभर टिकवतात, मग आमच्या हापूसनेच काय घोडं मारलंय? रसायनशास्त्राची परीक्षा पास झालेला आणि मासे खाणारा असा एक तरुण त्यांना हवा होता. दोन्ही बाबतींत मी बसलो आणि बोटीवर चढलो. दीड वर्ष तेलाच्या वासात काढल्यावर मला एवढंच कळलं होतं की आंबा म्हणजे सार्डीन नव्हे.

तेओफील बुर्गो त्याच कारखान्यात डब्यांच्या झाकणांना डाख द्यायचा. माझ्याहून एखाद्या वर्षाने मोठा. हात एवढे लांब की सदऱ्याची बाही कधी मनगटापर्यंत पोहोचली नाही. मी त्याच्याच घरी राहायचो. घरात तो आणि त्याची आई, मदाम बुर्गो. मी तिला मनातल्या मनात म्हातारी म्हणायचो. खरं म्हणजे ती पन्नाशीचीही नव्हती, पण विशीतल्या पोरांना सगळ्याच आया म्हाताऱ्या वाटतात.

घर गावाबाहेर, दलदलीत. आमच्याकडच्या खाजणासारखाच तो मुलूख. नजर जाईल तिथवर सपाट, आणि रेघा ओढाव्यात तसे पाण्याचे चर. मातीच्या भिंती, वर वेताचं छप्पर, आणि प्रत्येक घराला चहूबाजूंनी चर. पूल बांधायच्या भानगडीत तिथे कुणी पडत नसे, कारण प्रत्येकाकडे काठी असायची. माणसाच्या दुप्पट उंच, बुडाशी लाकडाची चकती, म्हणजे चिखलात रुतत नाही. ती चराच्या मधोमध टेकायची, अंग झोकून द्यायचं, की पलीकडे. अंड्यांच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायका अशा उडत जाताना मी बघितल्या आहेत, आणि अंडं फुटल्याचं कधी ऐकलं नाही.

मीही खाडीकाठचा, म्हणून पहिल्याच दिवशी मोठ्या ऐटीत काठी मागून घेतली. ती चराच्या मधोमध उभी राहिली. तिच्या टोकाला मी, आणि दोन्ही काठ सारखेच लांब. तिथून मी हळूहळू, अगदी सभ्यपणे, घसरत घसरत कमरेएवढ्या चिखलात उतरलो. म्हातारी इतकी हसली की तिला शेजारच्या गाईचा आधार घ्यावा लागला. त्या दिवसापासून मी काठीचं नाव काढलं नाही. बऱ्याच लांब एक जुनी फळी टाकलेली होती, तिच्यावरून वळसा घालून मी रस्त्याला लागायचो. तेओ उडी मारून केव्हाच पलीकडे गेलेला असायचा आणि विडी ओढत माझी वाट बघायचा. म्हातारी दारातून रोज न चुकता विचारायची, "मोरिस, येतंस काय वळसो घालतंस?"

मोरेश्वर तिच्या जिभेला पेलत नव्हतं, म्हणून मी मोरिस. आणि तिचं बोलणं मी इथे मालवणीत सांगतोय, त्यालाही कारण आहे. तिची बोली पॅरिसच्या फ्रेंचपासून तेवढीच लांब होती, जेवढी आमची मालवणी पुण्याच्या मराठीपासून. मी फ्रेंच शिकलो ती पुस्तकातली, त्यामुळे पहिले काही महिने तिचं एक अक्षर कळलं नाही. मग एके दिवशी ती चुलीपाशी बसून कुणालातरी शिव्या देत होती आणि मला वाटलं, अरे, ही तर माझी आत्याच बोलतेय. तेव्हापासून ती मला मालवणीतच ऐकू येते. आजही, पंचाहत्तरी उलटल्यावर, ती आठवते ती मालवणीतच.

त्या लोकांची एक रीत होती. चार माणसं आणि काठी एकच असली, तर पहिला पलीकडे जायचा आणि जमिनीला पाय लागायच्या आतच काठी मागे ढकलून द्यायचा. मागचा दोन्ही हात पसरून उभाच असायचा आणि हाक द्यायचा, "माका दी!" काठी त्याच्या हातात, तो पलीकडे, की पुन्हा काठी मागे. रविवारी चर्चहून परतणारी सगळी ओळ अशी एका काठीवर चर ओलांडायची. गप्पांत खंड पडायचा नाही, फक्त अधूनमधून कुणीतरी ओरडायचं, माका दी, माका दी.

त्या ओळीत एकटा तेओ कधी नसायचा. त्याची काठी वेगळी. तो उडी मारायचा, काठी घट्ट धरून उतरायचा आणि तिच्यासकट चालू लागायचा. मागच्याने हाक दिली तर हसून मान हलवायचा. गावाला त्याचं काही वाटत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तेओ दोन वर्षांचा असताना एका हिवाळ्यात समुद्राकडचा बांध फुटला आणि दलदलभर पाणी आलं. त्याचा बाप एक चर ओलांडून पलीकडे गेला, रीतीप्रमाणे काठी मागे ढकलली आणि ती पाण्यात गेली. काठीविना तो पलीकडच्या अरुंद पट्टीवर अडकला आणि पाणी चढत गेलं. दलदलीत जन्मलेल्या त्या लोकांना पोहता म्हणून येत नसे. तेओ मोठा झाला तो आईचं एकच वाक्य ऐकत. काठी सोडूची नाय. कोणासाठीच सोडूची नाय. इतर पोरांच्या हातातून आया काठ्या काढून घेत, म्हणे, आणि ही याच्या हातात घट्ट धरायला लावून त्याला झोपवायची.

मस्यू पेनो कारखान्याचे हिशेबनीस, आणि गावातल्या खेळाडूंच्या मंडळाचे अध्यक्ष, चिटणीस, पंच आणि पहारेकरी. त्यांनी एकदा तेओला मोठा कालवा ओलांडताना बघितलं. गुप्तधन सापडल्यासारखे ते धावत कारखान्यात आले. बांबूउडी म्हणून एक खेळ असतो आणि ती मारायला शहरातली मुलं वर्षानुवर्षं शिकतात, हे तेओला त्यांनीच सांगितलं. अंगणात दोन खांब रोवले, आडवी दांडी ठेवली, वाळू टाकली, कुठून तरी एक जपानी बांबू पैदा केला. पहिल्याच दिवशी तेओ दांडीच्या हातभर वरून गेला. पण बांबू त्याच्याबरोबर गेला. या खेळात दांडीच्या वर पोहोचलं की बांबू मागे सोडून द्यायचा असतो. तेओ तो छातीशी धरून उतरायचा, आणि दांडी त्याच्यामागोमाग. पेनोंनी विनवण्या केल्या, शिव्या घातल्या, एकदा बांबूला लोणीसुद्धा फासून बघितलं.

जूनच्या शेवटच्या रविवारी नांत शहरात आसपासच्या सगळ्या जिल्ह्यांची स्पर्धा होती. तिथे जो पहिला येईल तो ऑगस्टअखेर पॅरिसला जाणार होता. तेओला पॅरिसला जायचं होतं. इतकं की तो त्याविषयी बोलायचाच नाही. एकदाच बोलला, डाख द्यायची सळई साफ करताना.

"आमच्या गावात माणसाला दोनच गोष्टींनी ओळखतात," तो म्हणाला, "कोण बुडाला आणि कोण बुडाला नाही. मला एकदा कोरड्या जमिनीवर काहीतरी करून दाखवायचंय."

म्हातारीने मात्र या खेळाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिच्या दृष्टीने पॅरिस म्हणजे एक फार मोठा चर होता, ज्याच्यावरून गेलेलं पोर परत येत नाही. पेनोंचं नाव निघालं की भांडी जरा जोरात घासायची, एवढंच.

स्पर्धेला आठवडा राहिला तेव्हा मला एक युक्ती सुचली, आणि ती इतकी सोपी होती की माझी मीच पाठ थोपटून घेतली. तेओ काठी कधी सोडत नाही. पण त्याच्या गावचा माणूस काठी कधी सोडतो? मागे कुणी उभं असेल तेव्हा. मी दांडीच्या अलीकडे, जिथून तो उडायचा तिथे बाजूला उभा राहिलो आणि तो वर गेल्याबरोबर घसा फोडून ओरडलो, "माका दी!"

तेओ हवेतच हसला. बांबूसकट, दांडीसकट, हसत हसत वाळूत कोसळला.

"तुला कोण देईल?" तो म्हणाला. "तुला साधा डबा झेलता येत नाही." मग त्याचं हसू ओसरलं. आपल्या हातांकडे बघत तो म्हणाला, "सोडायचं असतं ते मला कळतं रे, मोरिस. धावत येताना ठरवलेलंही असतं. पण वर गेलो की आईचा आवाज येतो, आणि हात तिचं ऐकतात."

रात्री जेवताना मी हा सगळा प्रकार म्हातारीला रंगवून सांगितला. माझी हाक, तेओचं हसणं, पेनोंचा चेहरा. तेओ गाईकडे गेला होता. मला वाटलं ती हसेल. तिने डाव खाली ठेवला.

"मागसून कोण हुबो होतो?" तिने विचारलं.

"मीच."

"आणि तेणी धाडली असती तर तू धरलं असतंस?"

म्हटलं, धरला असता की, न धरायला काय झालं. ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

"एका हातान की दोनय हातांनी?"

हा काय प्रश्न झाला, मला कळेना. मी दोन्ही म्हणालो. ती उठली आणि उरलेल्या घेवड्याचं भांडं तिने आत नेऊन ठेवलं. माझं पान तसंच अर्धं होतं. ज्या बाईने दीड वर्षात मला एकदाही अर्धपोटी उठू दिलं नव्हतं, तिचं असं कधी झालं नव्हतं.

रविवारी पहाटे आम्ही निघालो तर ती दारात तयार. काळा झगा, डोक्याला कडक इस्तरीची पांढरी टोपी, घासून लख्ख केलेले लाकडी जोडे. तेओने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ती जन्मात आगगाडीत बसली नव्हती. नांतपर्यंत तिने खिडकीचा चामडी पट्टा एका हाताने धरून ठेवला आणि पेनोंनी दिलेला चॉकलेटचा तुकडा दुसऱ्या हाताने.

मैदान मोठं होतं, निशाणं लावलेली होती, आणि शहरातली माणसं गवताच्या टोप्या घालून आली होती. म्हातारी कडेच्या बाकावर ताठ बसली. तेओ सुरुवातीच्या उड्यांत सहज सुटला. त्या दांड्या इतक्या खाली होत्या की बांबू धरून उतरला तरी त्या वाचल्या. दांडी चढत गेली तसे बाकीचे गळत गेले. शेवटी तीन मीटर तीसवर दांडी आली तेव्हा दोघेच उरले, तेओ आणि नांतचा एक वकिलीचा विद्यार्थी. प्रत्येकाला तीन संधी. विद्यार्थ्याने तिन्ही वेळा दांडी छातीने पाडली आणि तो सभ्यपणे बाजूला झाला. म्हणजे आता तेओ एकदा जरी वरून गेला, तरी पॅरिस त्याचं होतं.

पहिल्या उडीत तो दांडीच्या वीतभर वरून गेला. बांबूने दांडी पाडली. लोक हळहळले. दुसऱ्या उडीत तो आणखी वरून गेला, आणि बांबूने दांडी पाडली. या वेळी लोक हसले. कुणीतरी ओरडलं की त्या माणसाचं बांबूशी लग्न झालंय का. पेनो डोक्यावरची टोपी हातात घेऊन तिच्याकडे बघत उभे होते. तेओ आपल्या जागी परत गेला आणि पाठमोरा उभा राहिला. मला त्याचे फक्त कान दिसत होते, लालबुंद झालेले.

तेवढ्यात मी बघितलं तर बाकावर म्हातारी नव्हती. ती मैदानात शिरली होती. लाकडी जोडे तिने काढून बाकाखाली ठेवले होते आणि नुसत्या मोज्यांवर गवतातून ती सरळ चालली होती, बाजाराला निघाल्यासारखी. दांडीच्या अलीकडे, मी अंगणात उभा राहिलो होतो अगदी तशाच जागी, ती जाऊन उभी राहिली. पांढरी फीत लावलेले एक पंच लगबगीने आले आणि इथे थांबता येणार नाही, असं अदबीने म्हणाले.

"ह्यो माझो झील आसा," ती म्हणाली.

पंचांना तिची बोली कळली की नाही कोण जाणे. मी धावत गेलो आणि समजावून सांगितलं की या आई आहेत, नुसत्या उभ्या राहतील. पंचांनी तिच्या पायांतल्या मोज्यांकडे बघितलं, मिशी चावली आणि दांडीपासून दूर राहा म्हणून बजावून ते मागे सरले. तेओ वळला. आई तिथे उभी आहे हे त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम लहान झाला. आपल्याला हाताला धरून घरी नेईल, असंच त्याला वाटलं असावं. मलाही तेच वाटत होतं.

तो धावत आला. बांबू टेकला, वाकला, आणि तेओ वर गेला, ते लांब हात, ते पाय, सगळं एका रेषेत. मैदान गप्प होतं. त्या शांततेत ती हाक आली. ती काही मोठी नव्हती. चर ओलांडताना शेजारणीला द्यावी तेवढीच.

"तेओ, माका दी."

त्याने बांबू सोडला. नुसता सोडला नाही, मागे ढकलून दिला, रीतीप्रमाणे, मागच्या माणसाच्या हातात पडेल असा. म्हातारीने दोन्ही हात पसरले होते. बांबू तिच्या तळव्यांत चपकन बसला, तिचा तोल गेला, आणि ती गवतात फतकल मारून बसली. बांबू तिने छातीशी उभा धरून ठेवला होता. वर दांडी हललीसुद्धा नव्हती. तेओ वाळूत उताणा पडला होता आणि आपले रिकामे हात डोळ्यांसमोर धरून बघत होता, जणू ते आत्ताच कुणी त्याला आणून दिले होते.

कुणीतरी हरकत घेतली की बाईंनी बांबूला हात लावला. पंच म्हणाले, "मी दांडीकडे बघत होतो, महाशय. बाईंकडे बघणं माझं काम नाही." मस्यू पेनो रडत होते. मीही रडत होतो, पण माझं रडणं मिशांत लपलं नाही, कारण मला तेव्हा मिशा नव्हत्या.

परतीच्या गाडीत तेओ आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला, त्याचे पाय समोरच्या बाकापर्यंत आले होते. या खेपेला म्हातारीने खिडकीचा पट्टा धरला नव्हता. दोन्ही हात मांडीवर मोकळे होते. डाव्या तळव्याचं साल निघालं होतं. मी म्हटलं, घरी गेल्यावर लोणी लावा. ती खिडकीबाहेर बघत, झोपलेल्या लेकाला जाग येणार नाही अशा बेताने बोलली.

"ह्येच्या बापाशीन काठी धाडली ती माका," ती म्हणाली. "मागसून मीच हुबी होतंय. काखेक ह्यो. एकच हात मोकळो. माझी बोटां लागली काठयेक, मोरिस. पण धरूक नाय गावली."

गावात कुणी कधी विचारलं नव्हतं की मागे कोण उभं होतं, आणि तिने कधी सांगितलं नव्हतं. लेकाला काठी सोडू नको म्हणून वाढवताना तिने सगळा दोष काठी सोडणाऱ्यावर घातला होता, कारण पकडणाऱ्याचं नाव तिच्याने घेववत नव्हतं.

"आज माझे दोनय हात मोकळे होते," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "ह्याका सांगू नको."

मी नाही सांगितलं.

पॅरिसची स्पर्धा झालीच नाही. ऑगस्ट लागता लागता चर्चची घंटा भलत्याच वेळी वाजायला लागली आणि गावातल्या सगळ्या तरुणांना लढाईचं बोलावणं आलं. तेओ सकाळी निघाला, पाठीवर पिशवी. चरापाशी येऊन त्याने नेहमीसारखी उडी मारली आणि पलीकडे उतरला. मी वळसा घालायला निघालोच होतो, पण थांबलो, कारण तो चालू लागला नव्हता. काठी हातात धरून तो आमच्याकडे तोंड करून उभा होता. घराकडची वाट त्या काठीवरून होती. ती हातात असली की माणूस आपला आपण परत येऊ शकतो, असं त्या मुलखात म्हणत. म्हातारीने काही हाक दिली नाही. तिने नुसते दोन्ही हात पुढे केले. तेओने काठी मागे ढकलली, तिने ती पकडली, आणि तो वळून रस्त्याने गेला.

मीही अडकलो. बोटी बंद झाल्या, कारखाना सैन्यासाठी डबे भरायला लागला आणि आंबा राहिला बाजूला. सगळी लढाई मी त्या घरात काढली. ती काठी दाराशी उभी असायची. म्हातारी स्वतःसाठी दुसरी वापरायची. त्या काठीला मात्र ती दर शनिवारी तेल लावायची आणि मला हात लावू द्यायची नाही. मी फळीवरून वळसा घालत राहिलो. "येतंस काय वळसो घालतंस" हे ती त्या वर्षांत एकदाही म्हणाली नाही.

तेओ आला तो लढाई संपल्यानंतरच्या फेब्रुवारीत. धुकं होतं. आम्ही जेवायला बसणार इतक्यात चराच्या पलीकडून हाक आली, "माका दी!" म्हातारी बाकावरून अशी उठली की पाणी सांडलं. काठी उचलून ती चराशी धावली, मी मागोमाग. पलीकडे तो उभा होता, तेच लांब हात, अंगावर सैन्याचा मळका कोट. म्हातारीने काठी उभी केली, ढकलणार तोच तिचे हात थांबले. तेव्हा मीही बघितलं. कोटाखालून त्याचा एकच जोडा दिसत होता. दुसऱ्या बाजूला लाकूड होतं.

"धाड गे आये," तो म्हणाला. "बघतंय जमता काय."

म्हातारीने नाही म्हणून मान हलवली. त्याला वळसा घालून ये, असं ती सांगणार असं मला वाटलं. त्या फळीची वाट मला झोपेतही पाठ होती, मी त्याला खांद्यावरून आणला असता. तिने झग्याचा काठ कमरेला खोचला, दोन पावलं मागे सरली, काठी चराच्या मधोमध टेकली आणि पन्नाशीतली ती बाई धुक्यातून पलीकडे गेली, इतकी हलकी, की पाण्यावर आवाज झाला नाही. तेओने तिला दोन्ही हातांनी झेललं. मग ती दोघं तिथे उभी होती आणि बराच वेळ मला धुकंच जास्त दिसत होतं.

जेवण आत निवत होतं. मी डोळे पुसले आणि त्यांना आणायला सवयीने फळीच्या दिशेला वळलो.

"मोरिस," पलीकडून म्हातारीचा आवाज आला. कितीतरी वर्षांनी तिच्या आवाजात ते जुनं हसू होतं. "येतंस काय वळसो घालतंस?"

मी मागे वळून बघितलं. काठी तिच्या हातातून सुटली होती आणि पाण्यावरून माझ्याकडे येत होती. मी दोन्ही हात पुढे केले.